सीए रिपोर्ट फक्त कोर्टापुरताच का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासल्या जाणाऱ्या अमली पदार्थांची आकडेवारी दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. नोकरीतली बरीच वर्षं नाशिक ग्रामीणच्या ठाण्यांत काढलेल्या माणसाने इतका वेळ देऊन लिहावं, याचं मला मोल आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते: "ताई, प्रयोगशाळेत तेच जातं जे आम्ही पकडतो. धाडी वाढल्या की आकडा फुगतो, बंदोबस्तात अडकलो की बसतो. त्यावरून व्यसन कसं मोजणार? सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) येतो तोही वरातीमागून घोडं. अमेरिकेचं फेंटानिल (अफूवर्गातलं कृत्रिम औषध) इथे नाही, नाशिकचा प्रश्न एमडीचा (मेफेड्रोनचा) आहे. आणि आकडे छापलेत की मालेगावची पुन्हा बदनामी."

व्यसन किती लोकांना आहे, हे प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून काढू नयेच. त्यासाठी घरोघर जाऊन पाहणी करावी लागते. दिल्लीच्या एम्सने तशी देशव्यापी पाहणी केली, अहवाल २०१९ मध्ये आला. देशातले सुमारे २.१ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या घरात, अफूवर्गातला काही ना काही पदार्थ घेतात असं त्यात निघालं. हेरॉइनच्या अगदी जवळ जाऊन पोचलेला गट होता तो औषधांच्या दुकानातल्या गोळ्या-सिरपचा. अशी पाहणी वर्षानुवर्षांतून एकदा होते. प्रयोगशाळेला मी वेगळा प्रश्न विचारते आहे: बाजारात फिरतंय ते नेमकं काय आहे, आणि ते कधी बदललं? लासलगावला किती ट्रॉल्या आल्या यावरून जिल्ह्यात कांदा किती पिकला हे सांगता येत नाही, पण उन्हाळ कांद्याच्या जागी लाल दिसायला लागला की हंगाम पालटला हे कुणालाही कळतं.

अमेरिकेचं उदाहरण मी याचसाठी दिलं होतं. तिथे राज्यांच्या आणि स्थानिक गुन्हे प्रयोगशाळांचे निकाल १९९७ पासून एका ठिकाणी गोळा होतात, आणि गोळा करणारी यंत्रणा आरोग्य खात्याची नाही, डीईएची, म्हणजे तिथल्या अमली पदार्थविरोधी पोलिसांची आहे. पोलिसांनी पकडलेल्या मालावरच ती सगळी इमारत उभी आहे. फेंटानिल निघालेले नमुने २०१३ मध्ये १,०१५ होते, २०१४ मध्ये ५,३४३ झाले. एका वर्षात पाचपटीहून जास्त. धाडी पाचपट वाढल्या म्हणून असं झालं असतं, तर हेरॉइन, कोकेन, सगळंच पाचपट वाढायला हवं होतं. तसं झालं नाही. मग सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २७ राज्यांत आणखी दोन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. डॉक्टर फेंटानिल किती लिहून देतात ते जवळजवळ स्थिर होतं. मेथाडोन (व्यसनमुक्तीच्या उपचारातलं औषध) सोडून इतर कृत्रिम अफूवर्गीय औषधांनी (फेंटानिल यातच येतं) झालेले मृत्यू मात्र देशभरात ३,१०५ वरून ५,५४४ वर गेले होते, आणि ज्या राज्यांत पकडलेल्या मालात फेंटानिल वाढलं तिथेच मृत्यूही वाढले होते. म्हणजे माल दवाखान्यातून झिरपत नव्हता, बेकायदा तयार होऊन येत होता. हे ओळखता आलं ते तीन वह्या एकत्र उघडल्यामुळे.

आता नाशिक. फेंटानिल इथे आहे असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण अफूवर्गातलं इथे काहीच नाही, हेही खरं नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध मालेगावात, भिवंडीत नशेसाठी जातं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलं असेल. मी औषधविक्रेती आहे. माझ्या काउंटरवर शेड्यूल एच-१ चं रजिस्टर असतं: कोडीन, ट्रॅमाडॉल (वेदनाशामक), अल्प्राझोलाम (चिंता-झोपेचं औषध) यातलं काहीही दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हा नियम २०१४ पासून लागू आहे. अमेरिकेतली दुसरी वही ती हीच, काका. ती आपल्याकडे प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. पहिली वही, म्हणजे पकडलेल्या मालाची, दिंडोरी, निफाड, मालेगावच्या गुन्ह्यांच्या फायलींत एकेक पान करून विखुरलेली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एवढं तरी कळेल की पकडलेलं सिरप दुकानांतून चोरवाटेने गेलं की दुकानाचं तोंडही न बघता बाहेरून खोक्यांनी आलं. आज यावर भांडण होतं तेव्हा पोलीस दुकानदारांकडे बोट दाखवतात, दुकानदार ट्रान्सपोर्टकडे, आणि कागद कुणाच्याच हातात नसतो.

एक बाटली घेऊन बघू. नेहमीच्या ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १० मिलीग्रॅम कोडीन असतं, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत २०० मिलीग्रॅम. कोडीनची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे ज्या वजनाला कायद्यात सगळ्यात कडक शिक्षा आहे ते, एक किलोच्या वर. शुद्ध कोडीन मोजलं तर त्यासाठी ५,००० बाटल्या लागतील. पण हीरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठरवलं की मिश्रणात निरुपद्रवी पदार्थ असला तरी वजन सगळ्याचं धरायचं. तो हिशेब लावला तर दहा बाटल्यांतच रेषा ओलांडते. कफ सिरपला तो कसा लावायचा यावर कोर्टात अजून वाद होतात, त्यात मी पडत नाही. माझी काळजी निराळी आहे. शिक्षा एकूण वजनावर ठरते म्हटल्यावर आत मूळ पदार्थ किती टक्के, हे विचारायची खटल्याला गरज उरत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र सगळा धोका त्या टक्क्यातच असतो. डीईएने पकडलेल्या बनावट गोळ्यांत जीवघेणी ठरू शकेल एवढी फेंटानिलची मात्रा २०२२ मध्ये दहापैकी सहा गोळ्यांत सापडली, २०२३ मध्ये सात, २०२४ मध्ये पाच. नुसतं "फेंटानिल आढळले" एवढंच लिहून ते थांबले असते, तर हा चढउतार दिसलाच नसता.

एमडीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीस आला, तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे, अफूवर्गातलं नाही, आणि एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ते २०१५ मध्ये आलं. त्याआधीही ते विकलं जातच होतं. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये कायद्याखाली आणलं, त्यानंतर टॅपेंटाडॉल या दुसऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकाचा गैरवापर पुढे आला, इतका की कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबरच्या त्याच्या मिश्रणाची निर्यात केंद्राला २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवावी लागली. एक दार लावलं की धंदा दुसऱ्या दाराने येतो. नवीन पदार्थ सगळ्यात आधी बघतो तो प्रयोगशाळेतला रासायनिक विश्लेषक. त्याचं बघणं एका गुन्ह्याच्या फायलीत बंद होतं, याचंच मला वाईट वाटतं.

कारण रात्री कॅज्युअल्टीत एखादा पोरगा बेशुद्ध येतो, श्वास मंदावलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अफूवर्गातलं काही असेल तर नॅलोक्झोनच्या इंजेक्शनने काही मिनिटांत श्वास परत येतो. सोबतीला 'कुत्ता गोळी', म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम, घेतलेली असेल तर त्या भागावर नॅलोक्झोनचा काही उपयोग नाही, आणि कोडीनच्या जोडीला ती आली की श्वास आणखी दाबला जातो. ट्रॅमाडॉल असेल तर फिट येण्याची भीती. सध्या गावात काय फिरतंय हे ड्युटीवरच्या डॉक्टरला आधीपासून माहीत असणं, ही त्या पोराच्या जिवाची गोष्ट आहे. एकाच पुडीत दोन पदार्थ निघाले तर दोन्ही नोंदा, हा माझा हट्ट त्यासाठीच.

उशिराचं म्हणाल तर डिसेंबर २०२२ च्या नियमांत प्रयोगशाळेने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा असं आहे, आणि प्रमाण काढायला जास्त वेळ लागणार असेल तर आधी पदार्थ कोणता ते कळवावं अशी सोयही आहे. ते आधीचं नाव मला पुरेसं आहे.

मालेगावची बदनामी. 'कुत्ता गोळी' हा शब्द बातम्यांत येतो तेव्हा गावाचं नाव त्याला चिकटूनच येतं, त्यात माहिती मात्र शून्य असते. मी मागते ते जिल्ह्याचे एकत्र आकडे: महिना, पदार्थ, आणि तो सिरप, गोळी की पावडर. गुन्हा क्रमांक नको, आरोपी नको, मोहल्ला तर नकोच. एखाद्या रकान्यात दोन-तीनच नमुने असतील तर तो रकाना झाकावा. माहिती अधिकारात अर्ज मी एवढाच करणार आहे.

त्या अर्जासाठी तुमची एक मदत हवी आहे. सिरपच्या बाटल्या जप्त करताना लेबलवरचा बॅच नंबर पंचनाम्यात उतरवून घेत होते का? आणि मुद्देमालाच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रात तो यायचा का? येत असेल तर अर्जात मी बॅच नंबरचा रकानाही घालते. बाटली कुठल्या घाऊक विक्रेत्याकडून निघाली ते त्यावरूनच शोधता येतं.