पंचतंत्रात राजकारण कुणी घुसडलेलं नाही, ते मुळातच आहे

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. पंचतंत्र-हितोपदेश म्हणजे लहान मुलांच्या निरागस संस्कारकथा, त्यात शेवटी चांगल्याचाच विजय होतो, आणि त्यातले कोल्हे-लांडगे घेऊन नेत्यांवर टीका करणं ही बाहेरून आलेली फॅशन आहे, शिवाय तो अपमानही आहे. लोक खरं मानून फॉरवर्ड करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लहान मुलांच्या"? अहो, सुरुवात तरी वाचा. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याची तीन पोरं ढ, आणि विष्णुशर्मा म्हणतो की सहा महिन्यांत यांना राजनीतीत तयार करतो. म्हणजे उद्या गादीवर बसणाऱ्यांचा हा अभ्यासक्रम होता.

"चांगल्याचा विजय" तर पहिल्याच तंत्रात कोसळतो. दमनक हा अधिकार गेलेला मंत्रिपुत्र कोल्हा, त्याला परत दरबारात घुसायचंय, म्हणून पिंगळक सिंहाला सांगतो संजीवक बैल तुझं राज्य घेणार आणि बैलाला सांगतो सिंह तुला मारणार, बैल हकनाक मरतो, सिंह हळहळतो, आणि दमनक त्याचं सांत्वन करून मंत्रिपदावर बसतो. शिक्षा वगैरे काही नाही. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं हे अरबीत आणलं, तिथे दमनकावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारं अख्खं प्रकरण वाढवलेलं आहे. म्हणजे तो "विजय" बाहेर जोडला गेला, आपल्या मूळ कथेत नाही!

निळ्या कोल्ह्याची गोष्ट तर आपण पोरांना फार कापून सांगतो, निळीच्या पिंपात पडला, राजा झाला, ओरडला, मेला. मधलं बघा. हा कोल्हा, चंडरव, सांगतो की मला ब्रह्मदेवानं राजा नेमलंय. मग खातेवाटप. सिंह अमात्य, वाघ शयनगृहाचा रखवालदार, चित्त्याकडे विड्याचं खातं, लांडगा द्वारपाल, आणि स्वतःच्या जातभाई कोल्ह्यांना अर्धचंद्र, कारण खरा रंग ओळखतील ते तेच. हे लिहिणाऱ्यानं दरबार जवळून पाहिलेला असणार असं मला मनापासून वाटतं.

राहिलं "बाहेरून आलेली फॅशन". महाभारतात, उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर दुर्योधन उलूक या दूताकरवी युधिष्ठिराला काय निरोप पाठवतो? गंगाकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट, उंदीर त्याच्यावर विश्वास टाकतात आणि तो रोज त्यांना खाऊन गुबगुबीत होतो. धर्मराजाला ढोंगी मांजर म्हटलंय! कर्णपर्वात शल्य भर रणात कर्णाला हंसाशी पैज लावणाऱ्या उष्ट्यावरच्या कावळ्याची गोष्ट ऐकवतो.

आणि अपमानाचं म्हणाल तर हो, तो अपमानच आहे, मुद्दाम केलेला, समोरच्याला झोंबावा म्हणून. दुर्योधनाच्या निरोपात तर मांजर कोण हे थेट सांगितलंय. आजचा व्यंगचित्रकार बहुतेक वेळा नुसता कोल्हा काढतो, नाव वाचणारा घालतो.