‘तापीकाठचा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नववीच्या वर्गात ईश्वराबद्दल काय बोलतो, यावर मागे मी एक लेख लिहिला होता. त्याखाली ‘तापीकाठचा’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया काहींनी वाचली नसेल, म्हणून गोषवारा देतो. कॅथलिक शाळेत बिगर-ख्रिस्ती पोरांना धर्माचं शिकवता, तर पालकांची लेखी संमती घेता का? हा तास गणिताला द्या, पोरांचं भलं होईल. लेख अवजड आहे. आणि शेवटी हे: "धर्मशिक्षकच तुम्ही, पगार तिथलाच, दुसरी बाजू कशाला सांगाल? बाटग्यांना तेवढंच येतं."

भाऊ, लेख अवजड होता, मान्य. वेळापत्रकात या तासाला नुसतं ‘मूल्यशिक्षण’ लिहितात, त्यावरून आत काय चालतं ते बाहेरच्याला कळत नाही, हेही मान्य. पण विचारायची ही कुठली रीत? माझे आजोबा नगरकडून भुसावळला रेल्वेत आले, वडील लोको शेडला फिटर होते. आमच्या क्वार्टरशेजारच्या पाटलांच्या आजी मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला पायी जायच्या. परत आल्या की प्रसाद आमच्या घरी, नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी. त्या माळकरी बाईच्या तोंडून तुमचा तो शब्द कधी आला नाही. तुमच्याकडून आला, तोही नाव झाकून.

आता ‘दुसरी बाजू’. थॉमस अक्वायनस हे नाव तुम्ही ऐकलं असेल असं धरून चालतो. कॅथलिक ईश्वरशास्त्रातला सगळ्यात मोठा माणूस. 1274 मध्ये वारला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सोळा वर्षं आधी. हा माणूस कुठलाही प्रश्न घेतला की आधी विरोधकाचं म्हणणं मांडतो, मग स्वतःचं. देव आहे का, या प्रश्नावर त्याने आधी मांडलेल्या हरकती दोन. एक, देव सर्वथा चांगला असेल तर जगात वाईट कसं? दोन, निसर्ग आणि माणसाची इच्छा यांनीच सगळ्याचा उलगडा होत असेल तर मधे देव हवाच कशाला? तुमच्या डोक्यात नास्तिकांचा जो काही दारूगोळा असेल तो बहुतेक या दोन ओळींत येतो, आणि तो फळ्यावर लिहितो मी, पगार तिथलाच घेऊन. आपल्याकडे हीच पद्धत पूर्वपक्ष म्हणून चालत आली. एम.ए.ला असताना अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या ग्रंथालयात बसून मी ती शिकलो. प्रतापशेठजींनी 1916 मध्ये काढलेली ती संस्था कुठे आहे हे तरी तापीकाठच्या माणसाला माहीत असावं.

वर्गातलंच सांगतो. एका वर्षी रावेरकडचा एक मुलगा चार-पाच दिवस आलाच नाही. वादळात केळीची बाग आडवी झाली होती, घड निसवलेले. आला त्या दिवशी मागच्या बाकावरून त्याने विचारलं, "सर, मग देव काय करत होता?" मी उत्तर दिलं नाही, ईयोबची गोष्ट काढली. बायबलमधला हा सज्जन माणूस. वाळवंटाकडून वादळ येतं, घराचे चारी कोपरे हलतात, आत जेवायला बसलेली त्याची सगळी मुलं मरतात. मग मित्र येतात, अलीफज, बिल्दद, सोफर. सात दिवस गप्प बसतात. तेवढंच बरं करतात, कारण तोंड उघडल्यावर अध्यायच्या अध्याय एकच पालुपद: तुझं काहीतरी पाप असणार. यावर वर्गात जो कल्ला झाला! एकीने सांगितलं, आमच्याकडे पूर्वजन्मीचं म्हणतात. एक मुस्लिम मुलगा म्हणाला, हे तर आमचे अय्यूब नबी, सबर करणारे. रावेरचा मुलगा गप्पच होता, शेवटी म्हणाला, "ते मित्र तर आमच्या भाऊबंदांसारखे निघाले." शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो आणि तक्रार करणारा ईयोब बरोबर बोलला असं म्हणतो, हे मी मुद्दाम पुढच्या तासाला ठेवलं. यात क्रूस कुणाच्या गळ्यात पडला, तुम्हीच सांगा.

आणि हे काही मी चोरून करत नाही. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, ही भूमिका व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 28 ऑक्टोबर 1965ला अधिकृतपणे घेतली. कुणावर विवेकाविरुद्ध श्रद्धा लादायची नाही हे तर 1983च्या चर्च कायद्यातच आहे. आमच्या फादरांना ते माझ्याआधी ठाऊक आहे.

संमतीचं म्हणाल, तर घटनेचं कलम 28(3) मी वाचलेलं आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अजाण मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. ते कॅटेकिझमला, म्हणजे चर्चच्या धर्मशिकवणीच्या तासाला लागू, आणि कॅटेकिझम आमच्याकडे फक्त कॅथलिक पोरांचा, वेगळ्या खोलीत. धर्मांविषयीचा अभ्यास ही निराळी गोष्ट, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलंच आहे. शिवाय प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही असते. त्यावर आणखी काय लिहायचं?

गणिताचं मुख्याध्यापकांना विचारा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘त्या’ शब्दासकट ठेवली आहे, लोकांनी वाचावी म्हणून. पुढच्या खेपेला तो शब्द आला तर मात्र न वाचता काढून टाकीन. अक्वायनसवर काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, आधी वाचून.