अ‍ॅना इव्हानोविचला युद्धाने घडवले नाही
सर्बियाच्या टेनिसपटूंविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, त्यात बेलग्रेडवर पडणारे बाँब हटकून येतात आणि त्या बाँबमधूनच जणू हे खेळाडू तयार झाले, असा सूर त्या लेखनाला लागतो. अ‍ॅना इव्हानोविचची सुरुवातीची कारकीर्द मी अनेक वर्षे आवडीने अभ्यासत आलो आहे आणि हा सूर मला दर वेळी खटकतो. युद्धाने आणि निर्बंधांनी तिच्यापासून बरेच काही हिरावून घेतले. ती मोठी झाली ती काही माणसांनी तिच्यासाठी वेळेवर केलेल्या अगदी व्यावहारिक गोष्टींमुळे, आणि तिच्या स्वतःच्या खेळामुळे.

६ नोव्हेंबर १९८७ रोजी बेलग्रेडमध्ये जन्मलेल्या या मुलीने टेनिसपटू मोनिका सेलेसला दूरचित्रवाणीवर पाहिले, टेनिस शाळेच्या जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक पाठ केला आणि पाचव्या वाढदिवसाला आईवडिलांकडून रॅकेट मिळवली. आई वकील, वडील व्यावसायिक; घरात टेनिसची परंपरा नव्हती. त्याच सुमारास, १९९२मध्ये, सर्बिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले होते. १९९९च्या वसंतात नाटोचे हल्ले ७८ दिवस चालले. त्या काळात अकरा वर्षांची अ‍ॅना सकाळी लवकर सराव उरकून घेई, कारण त्या वेळी हल्ल्यांचा धोका कमी असे.

हिवाळ्यात सराव करायचा तर शहरात परवडणारी बंदिस्त कोर्ट नव्हती. म्हणून पाणी काढून टाकलेल्या एका जलतरण तलावाच्या तळाशी गालिचा अंथरून तिथे कोर्ट आखले गेले. तलावाची भिंत बाजूच्या रेषेला इतकी लागून होती की क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टाच्या तिरक्या कोपऱ्यात जाणारे, फटके मारणे जवळपास अशक्य होते आणि मुलांना सतत सरळ रेषेतच खेळावे लागे, असे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. तिच्या जोरकस फोरहँडचे मूळ या तलावात शोधण्याचा मोह होतो, पण तो मला आवरावासा वाटतो. कोर्टाचा अर्धा भूगोल वापरताच न येणे ही वाढत्या वयातल्या खेळाडूसाठी उणीवच असते. तिने ती नंतर भरून काढली, याचे श्रेय तलावाला देता येत नाही.

खरी अडचण पैशांची होती. टेनिसमध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षी खेळाडूला देशोदेशी फिरावे लागते, प्रशिक्षकाला सोबत न्यावे लागते, आणि बक्षिसाची रक्कम तर पहिल्या काही फेऱ्या जिंकल्याशिवाय फारशी हाती येत नाही. त्यात तिच्या देशाच्या पारपत्रावर प्रवासासाठी व्हिसाची खटपट. या टप्प्यावर स्वित्झर्लंडमधले उद्योजक डॅन होल्झमन तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी तिच्या प्रशिक्षणाचा आणि प्रवासाचा खर्च उचलला. ते तिला पहिल्यांदा खेळताना पाहायला आले तो सामना ती हरली आणि आता हा माणूस आपल्याला सोडून जाणार, या भीतीने ती कितीतरी वेळ रडत बसली, ही आठवण तिनेच सांगितली आहे. ते सोडून गेले नाहीत. तिच्या कारकिर्दीतला हा निर्णायक क्षण आहे असे मी मानतो, आणि बाँबच्या गोष्टीत तो नेमका हरवतो. बेलग्रेडमध्ये तिच्याइतकीच चांगली खेळणारी आणखी काही मुले असतील; त्यांच्यासाठी कोणी थांबले नसेल, तर त्यांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत.

२००३मध्ये ती व्यावसायिक झाली. २००४मध्ये विम्बल्डनच्या कनिष्ठ गटाची अंतिम फेरी तिने गाठली आणि त्याच वर्षी झुरिकमध्ये व्हीनस विल्यम्सला दोन्ही सेटमध्ये टायब्रेकपर्यंत झुंजवले. जानेवारी २००५मध्ये कॅनबेरात ती पात्रता फेरीतून आली आणि पहिले विजेतेपद घेऊन गेली. त्याच वर्षी फ्रेंच खुल्या स्पर्धेत, सतरा वर्षांची असताना, तिने फ्रान्सच्या अमेली मोरेस्मोला मोरेस्मोच्याच प्रेक्षकांसमोर हरवले. २००६मध्ये माँट्रिअलच्या अंतिम सामन्यात समोर मार्टिना हिंगिस होती आणि तो सामनाही तिने सरळ सेटमध्ये जिंकला.

मात्र माझ्या दृष्टीने तिच्या घडणीचा गाभा आहे तो हरलेल्या दोन अंतिम सामन्यांत. २००७च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत नोव्हाक जोकोविच, येलेना यांकोविच आणि अ‍ॅना असे तीन सर्बियन खेळाडू एकेरीच्या उपांत्य फेरीत होते. अंतिम फेरीत पोहोचली ती एकटी अ‍ॅना, तीही शारापोवाला ६-२, ६-१ असे नमवून. तिथे जस्टिन हेनिनसमोर तिचा निभाव लागला नाही. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकतानाही तिच्या मनावरचे दडपण दिसत होते आणि सामना १-६, २-६ असा संपला. पुढच्या जानेवारीत मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत डॅनिएला हान्तुखोव्हाविरुद्ध पहिला सेट ०-६ असा गमावूनही ती जिंकली. अंतिम सामन्यात शारापोवाने तिला ५-७, ३-६ असे हरवले. निकाल तोच, पण या वेळी ती लढून हरली होती. आठ महिन्यांत झालेला हा बदल ज्यांनी तिचे दोन्ही सामने पाहिले, त्यांना वेगळा सांगावा लागणार नाही.

जून २००८मध्ये पॅरिसला, फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तिची गाठ यांकोविचशी पडली. ६-४, ३-६, ६-४ अशा त्या विजयाने जागतिक क्रमवारीतले पहिले स्थान तिचे झाले आणि अंतिम फेरीत तिने दिनारा सफिनाला ६-४, ६-३ असे हरवले. करंडक तिच्या हाती दिला तो महिन्याभरापूर्वीच निवृत्त झालेल्या हेनिनने.

त्यानंतर अंगठ्याच्या दुखापतीने तिचे बीजिंग ऑलिम्पिक हुकले, अमेरिकन खुल्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत ती बाहेर पडली आणि पुन्हा ग्रँड स्लॅम जिंकू शकली नाही. एवढ्यावरून तिला ‘एकाच विजयाची मानकरी’ ठरवणारे अनेक जण मला भेटले आहेत आणि त्यांच्याशी मी कधीच सहमत झालो नाही. निवृत्त होईपर्यंत तिने एकेरीची १५ विजेतेपदे मिळवली. पण त्यातले एकही नंतर आले नसते, तरी कॅनबेराच्या पात्रता फेरीपासून पॅरिसच्या करंडकापर्यंतचा साडेतीन वर्षांचा प्रवास तिने विसाव्या वर्षी पूर्ण केला होता. त्याचे मोल पुढच्या पराभवांनी कमी होत नाही.