"दिवसाला किती तास चालतील, मॅडम?"

दर वर्षी पालक भेटायला येतात तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो. "सारखी मोबाइलवर असते हो. किती तास चालतील?" पूर्वी मी काहीतरी आकडा सांगून मोकळी व्हायचे. आता सांगत नाही. का, ते आज सविस्तर लिहिते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. एकाच वर्गातल्या दोन मुली आठवतात. पहिली सोशल मीडियावर रोज चार-पाच स्टोऱ्या टाकायची. पाऊस, नवी चप्पल, लेक्चरचा कंटाळा, सगळं. स्टाफरूममध्ये तिचं नाव निघालं की "हिचं काही खरं नाही" असं कुणीतरी म्हणायचंच. दुसरी काहीच टाकत नाही, म्हणून शहाणी. ही शहाणी मुलगी एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी फोटो टाकते, दहा मिनिटं वाट बघते, लाइक आले नाहीत की काढून टाकते. मग रात्री दोनपर्यंत बाकीच्यांचे बघत पडते."

दोघींचे तास मोजले असते तर फारसा फरक निघाला नसता.

स्वभाव मोजताना आमच्या विषयात पाच पैलू धरतात: बहिर्मुखता, म्हणजे माणसांत रमणं, नव्याची ओढ, शिस्त, इतरांशी जमवून घेणं आणि भावनिक अस्थिरता, म्हणजे चटकन काळजीत पडण्याची प्रवृत्ती. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि जर्मनीतल्या २३६ तरुणांची प्रोफाइलं अनोळखी लोकांना दाखवून त्यांच्या स्वभावाचा अंदाज करायला सांगितलं होतं. "सोशल मीडियावर सगळे खोटे मुखवटे" असं आपण सर्रास म्हणतो, पण निष्कर्ष उलटा निघाला. प्रोफाइलवरून माणूस बऱ्यापैकी खरा कळतो. बोलका आहे का, नव्याची आवड आहे का, हे तर चांगलंच ओळखता येतं. सर्वांत कमी ओळखता आली ती भावनिक अस्थिरता.

हे वाचलं तेव्हा मला ती दुसरी मुलगी आठवली आणि खूप वाईट वाटलं. जे आम्ही ओळखायला हवं होतं, नेमकं तेच बाहेरून दिसत नव्हतं. बडबडी मुलगी आमच्या डोळ्यांवर येत होती, कारण तिचं सगळं उघड्यावर होतं.

इंटरनेटचा परिणाम स्वभावाप्रमाणे कसा बदलतो, याचा माग संशोधक रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेट नवीन होतं तेव्हाच काढला होता. २००२ च्या त्यांच्या लेखात दिसतं की बहिर्मुख माणसांना इंटरनेटचा फायदा झाला, अंतर्मुख माणसांचा एकटेपणा वाढला. ज्याच्याकडे माणसं आहेत त्याला आणखी मिळतात. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी किशोरवयीनांची प्रचंड माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. हा आकडा ऐकून काही जण निर्धास्त होतात. मी होत नाही. सरासरीत माझ्या दोन्ही मुली एकाच आकड्यात मिसळून जातात, आणि रात्री दोनला जागी असलेली त्यात शोधायची कुठे?

एक गोष्ट मात्र मुलांनाही सांगते. "मी इंट्रोव्हर्ट आहे" असं बायोत लिहून टाकलं की विषय संपला, असं नसतं. अंतर्मुखता हा कप्पा नव्हे, ती एक पट्टी आहे आणि आपल्यातले बहुतेक जण तिच्या मधे कुठेतरी असतात. शिवाय स्वभाव आणि या सवयी यांचा संबंध संशोधनात सापडतो तो बहुधा सौम्यच. स्वभावावरून कुणाचं भविष्य सांगू नये. काळजी करणारी प्रत्येक मुलगी पोस्ट खोडत नाही, आणि रोज स्टोरी टाकणारी प्रत्येक जण आनंदात असते असंही नाही. म्हणून तर विचारावं लागतं.

हल्ली तासांचा प्रश्न आला की मी उलट विचारते: "फोन खाली ठेवल्यावर ती कशी असते?" बरेच पालक गप्प होतात. यंदा एक वडील जरा थांबून म्हणाले, "रील बघून उठली की चिडचिडी असते. पण एक मैत्रीण आहे, तिच्याशी तासभर बोलली की घरभर गुणगुणत फिरते."

मग आम्ही दोघं बराच वेळ त्या मैत्रिणीबद्दलच बोललो.