इनामगावचं भूत: एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

काका (तुम्ही मला 'बाळ' म्हणालात, त्यामुळे काका म्हणायचा हक्क आपोआप मिळाला असं धरते), तुमची कमेंट परवाच वाचली होती. पण तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी इनामगावच्या दफनांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की तिथले लोक मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय तोडायचे, भूत होऊन परत येऊ नयेत म्हणून. त्यावर काकांचा प्रश्न, "हे तुला कुणी सांगितलं, त्या भुताने?" आणि पुढे असं की पुरातत्त्वाच्या पीएचडीत सहा-सहा वर्षं सरकारी पैशावर खापरं मोजायची आणि शेवटी गोष्टी रचायच्या, त्यापेक्षा हाडं मशीनमध्ये घाला, डीएनए दोन दिवसांत सगळं सांगेल. सही, एक निवृत्त सिव्हिल इंजिनियर.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. भूत खड्ड्यात सापडलेलं नाही, ते मी वाक्यात घातलं. म्हणजे माझ्या आधी इतरांनीही घातलंय, हे स्पष्टीकरण जुनं आहे आणि वर्गात शिकवलंही जातं, पण "असं मानलं जातं" हे तीन शब्द मी वाक्य सुटसुटीत व्हावं म्हणून खाऊन टाकले आणि नेमकं तिथेच तुम्ही पकडलंत.

आता खड्ड्यात नक्की काय आहे ते सांगते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव, तिथे 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजने खोदलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी. साधारण इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. दोनशेच्या वर दफनं, त्यात बहुतेक लहान मुलं, दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत मूल, आणि हे सगळं घराच्या जमिनीखाली. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पाय नाहीत. एखाद्याचे नसते तर उंदीर, नांगर, पाणी, काहीही म्हणता आलं असतं, पण बाकीचा सांगाडा जागच्या जागी आणि पाय तेवढे गायब, हे पुन्हा पुन्हा दिसतं तेव्हा कुणीतरी मुद्दाम केलंय असं म्हणायला भाग पडतं. इथपर्यंत मी हात वर करून साक्ष देईन. का केलं, तिथून पुढे माझी जमीन भुसभुशीत होते (हे तुम्हाला जास्त कळेल).

कारण बघा ना, आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं की हडळीचे पाय उलटे असतात. मग तीन हजार वर्षांपूर्वीचा बिनपायाचा सांगाडा दिसला की मराठी डोकं लगेच तिकडे धावतं. हीच भीती त्यांनाही होती का? असेल. पण मधली तीन हजार वर्षं मी एका उडीत पार केली. आणि त्याच गावात एक माणूस असा सापडला जो सगळं गणित बिघडवतो: चार पायांचा मातीचा मोठा रांजण, पोट फुगलेलं, आत एक पुरुष बसलेला, आणि त्याचे दोन्ही पाय शाबूत. तो गावचा प्रमुख होता असं म्हणतात. मग प्रमुखाच्या भुताची भीती नव्हती की काय? भुताची थिअरी मांडायची तर या माणसाचंही उत्तर द्यावं लागतं, आणि ते मी लेखात दिलंच नव्हतं. तुमची कमेंट आली नसती तर मला ते जाणवलंही नसतं.

आता खापरं. एम.ए.ला असताना माझाही तुमच्यासारखाच वैताग व्हायचा. ब्रशने धुवायची, उन्हात वाळवायची, पॉटरी यार्डात थराप्रमाणे चौकोनात मांडायची, मग प्रत्येकावर काळ्या शाईने साइट, ट्रेंच, थर असं बारीक अक्षरात लिहायचं, आणि एका खड्ड्यातून पोत्याने निघतात हो! महिनाभराने एक दिवस सर म्हणाले डोळे मिट, आणि दोन तुकड्यांवर टिचकी मारली. एक बद्द वाजलं, एक खणखणीत. खणखणीत ते जोर्वे, म्हणजे इनामगावसारख्या वस्त्यांत मिळणारी खास भांडी, चांगलं भाजलेलं, लाल अंगावर काळी नक्षी. तेव्हापासून थर कुठे बदलला ते मला ढिगाऱ्यातच जाणवायला लागलं. तुम्ही पुलाआधी बोअर घेऊन मातीचे नमुने बघत बसायचात ना, तेही लोकांना टाइमपासच वाटत असणार.

डीएनएचं म्हणाल तर हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन गावाचं बघा. 2019 ला 'सेल' या विज्ञानपत्रिकेत पेपर आला, वसंत शिंदे वगैरे. 61 नमुने तपासले, वापरण्याजोगा डीएनए निघाला एकाच व्यक्तीचा. आपल्या उन्हाळ्यात तो टिकतच नाही फारसा. आणि निघाला तरी तो पूर्वज सांगेल, पाय का तोडले ते कुठून सांगणार?

ते विचारायला मानवशास्त्र लागतं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि सांकलिया एकाच डेक्कन कॉलेजात होते, गुजरातेत लांघणजच्या उत्खननात दोघांनी मिळून काम केलं. आज पुण्यातच पुरातत्त्व येरवड्याला आणि मानवशास्त्र गणेशखिंडीला, नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचे पेपर वेगळे, सेमिनार वेगळे. खापरंवाल्याला अंत्यविधींचा अभ्यास फारसा शिकवला जात नाही, म्हणून तो आजीच्या गोष्टीतून भूत उचलतो. मी तेच केलं. इरावतीबाईंनी पीएचडीसाठी बर्लिनला ऑयगेन फिशर या गाइडच्या हाताखाली कवट्या मोजल्या, त्याला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेत वंशाचा फरक दिसायला हवा होता, बाईंनी तो मोजमापात दिसत नाही असं लिहून दिलं. गाइडला नको असलेलं उत्तर लिहायचं! सहा वर्षं कशाला लागतात विचारलंत ना, तर निम्मी ही हिंमत यायला लागतात. उरलेली निम्मी स्टायपेंडची वाट बघण्यात. माझा एकदा आठ महिने रखडला होता, त्यामुळे सरकारी पैशावर मजा चाललीये हे जरा मागे घ्या, प्लीज.

नोकऱ्या कमी आहेत हे मान्य, त्यावर वाद नाही.

मूळ लेखातलं वाक्य बदललंय. आता तिथे असं आहे: "मोठ्यांचे पाय घोट्याखाली मुद्दाम काढलेले दिसतात, भुताच्या भीतीने, असा एक तर्क आहे, पण रांजणातल्या माणसाला तो लागू पडत नाही." आणि 'घोड'चं 'घोडा' झालं होतं तेही सुधारलं, ते मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.