केमिकल म्हणजे 'मोठ्या भांड्यातली केमिस्ट्री' नव्हे

नागपुरात सध्या घरोघरी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची चर्चा आहे आणि त्यातच एक मेसेज फिरतोय. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे मोठ्या भांड्यातली केमिस्ट्री, शोध कॉलेजात लागतात, कंपन्या नुसता पैसा ओततात, कारखान्यात संशोधन कधी नव्हतंच, आपल्या विदर्भाचा तर याच्याशी संबंधच नाही. म्हणून ही ब्रांच घेऊ नका, असं त्यात म्हटलंय. माझ्या भाच्याने तो वाचला आणि ऑप्शन फॉर्ममधून केमिकल काढून टाकलं. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा मोठ्या भांड्याचा. चार माणसांचा मसालेभात उत्तम करणाऱ्याला पंगतीचं पातेलं द्या; बुडाला लागेल आणि वर कच्चा राहील. भांड्याची सगळी मापं दहापट केली की आतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. चंबूत शांत चालणारी रिॲक्शन मोठ्या रिॲक्टरमध्ये हाताबाहेर जाते ती यामुळे.

मेसेजमध्ये अमोनियाचा दाखला आहे: 'शोध हाबरचा, नाव बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीचं.' अर्धं खरं आहे, मान्य. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. पण पुढे काय झालं? बीएएसएफचे इंजिनिअर कार्ल बॉश यांचं १९३२ चं नोबेल व्याख्यान वाचा, सगळं त्यात आहे. बीएएसएफमध्ये उच्च दाबाच्या पोलादी नळ्या ८० तास चालल्या आणि फुटल्या. फुटलेल्या नळ्यांचं पोलाद तपासलं तेव्हा कळलं, की हायड्रोजन धातूत शिरून त्यातला कार्बनच काढून नेतोय आणि पोलाद ठिसूळ होतंय. मग बॉश यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, बाहेर दाब पेलणारं पोलाद ठेवलं आणि त्या पोलादाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून निघून जायचा, पोलाद शाबूत राहायचं. तिकडे आल्विन मिटाश यांच्या चमूने हजारो चाचण्या करून दुर्मिळ ऑस्मियमऐवजी लोखंडाचा उत्प्रेरक शोधला. तेव्हा कुठे १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला. हे संशोधन नाही तर काय आहे?

कंपन्या बरंच काही पेटंटपायी दडवतात, हेही खरं. पण ड्यूपाँ या अमेरिकी केमिकल कंपनीत चार्ल्स स्टाइन यांनी १९२७ मध्ये मूलभूत संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला, आणि तिथल्याच थॉमस चिल्टन आणि ॲलन कोलबर्न यांनी १९३४ मध्ये उष्णता आणि पदार्थ यांचं वहन एका सूत्रात बांधून जाहीर छापलं. चिल्टन-कोलबर्न ॲनालॉजी आजही परीक्षेला असते. कारखान्यात जन्मलेलं सूत्र कॉलेजात शिकवतात, मेसेजच्या नेमकं उलट.

'कॉलेज आधी' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: १८८७ मध्ये मँचेस्टरला केमिकल इंजिनिअरिंगवर पहिली व्याख्यानं देणारे जॉर्ज डेव्हिस हे स्वतः अल्कली कारखान्यांचे निरीक्षक होते.

राहिला विदर्भ. अमरावती रोडवरचं, केमिकल शिकवणारं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९४२ मध्ये उभं राहिलं ते कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या पैशातून. उद्योगात कमावलेला पैसा त्यांनी उद्योगाला लागणारं शास्त्र इथल्या मुलांना शिकता यावं म्हणून दिला.