जुनी लेथ घेताय? रंग पाहा, बाकी देव पाहील

घरच्या टिनाच्या शेडमध्ये एक लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापणारी मशीन, असावी, ट्रॉलीची पिन, थ्रेशरचा शाफ्ट, पेरणी यंत्राचे बुश आपले आपणच करावेत, ऐन मृगात तालुक्याच्या लेथवाल्याकडून "उद्या या" ऐकायची वेळ येऊ नये, अशी सद्बुद्धी तुम्हाला झाली असेल तर आधी अभिनंदन. नवी घेण्याइतके पैसे सोयाबीन देत नाही, तेव्हा जुनीच घ्यायची हेही ठरलेलं. मग या गरिबाचे चार बोल ऐका. मागच्या रविवारीच अनुभव घेऊन आलोय, अजून डोकं तापलेलं आहे.

सगळ्यात आधी जाहिरातीवर पूर्ण विश्वास ठेवा. फोटो लांबून काढलेला असेल, मशीनसमोर कोणाची तरी मोटारसायकल उभी असेल, बेडवर, म्हणजे ज्या लांब पाटावर सगळं सरकतं त्याच्यावर, पोतं टाकलेलं असेल, तरी हरकत नाही. खाली "चालू कंडिशन, अर्जंट विकणे आहे" असं लिहिलंय ना, झालं. बेडचा जवळून फोटो मागायचा नाही. मागितला तर "या ना साहेब, समोरासमोर पाहा" असं उत्तर येतं आणि आपण दारव्ह्याहून निघून कारंजा, मूर्तिजापूर, अकोला पार करत जातो.

फोनवरची किंमत ही शुभेच्छा समजावी. खरी किंमत तिथं पोचल्यावर कळते.

कंपनी कोणती, हे विचारायची तर गरजच नाही. आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक लेथ "ओरिजिनल किर्लोस्कर" असते, आणि नसलीच तर एचएमटी. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ सालचा, बंगळुरूची एचएमटी १९५३ सालची, आणि दोन्हीकडच्या मशीन दणकट होत्या यात वाद नाही. पण विदर्भातल्या शेडांमध्ये जितक्या "ओरिजिनल" उभ्या आहेत, तितक्या त्या दोघांनी मिळून तरी ओतल्या असतील का, याची मला शंका आहे. नावाच्या पट्टीचे रिव्हेट कोरे करकरीत आणि पट्टीखालचं कास्टिंग पंजाबातल्या बटाल्याचं, असं दिसलं तरी तोंड उघडू नये. खरं तर बटाल्याची किंवा राजकोटची, पण बेड शाबूत असलेली लेथ, ही बेड गेलेल्या एचएमटीपेक्षा केव्हाही बरी. पण असलं बोललं की माणूस अडाणी ठरतो.

आता मुख्य मुद्दा, रंग.

लेथ घेताना रंग पाहा. हिरवा असेल तर उत्तम. ताजा असेल तर अतिउत्तम. हाताला लागत असेल तर मग देवच पावला समजा, कारण मालकानं खास तुमच्यासाठी परवाच मारलाय. रविवारी मी पाहिलेली मशीन अशीच होती. नवरीच लाजावी अशी हिरवीगार. हेडस्टॉक, म्हणजे काम फिरवणारं डोकं, हिरवा, टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, हिरवा, पाय हिरवे, मोटर हिरवी. इथपर्यंत ठीक. तेल सोडायची भोकंही हिरवी, म्हणजे आतापर्यंत कोणी तेल सोडलं असेलच तर यापुढे सोडणार नाही याची पक्की सोय. क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आतबाहेर सरकवणाऱ्या भागाच्या, मापाच्या चकतीवरच्या बारीक रेघा रंगाखाली गाडलेल्या, आता एक रेघ म्हणजे किती हे अंदाजानं ठरवायचं. स्पीडचा तक्ता लिहिलेली पितळी पाटी हिरवी. हेडस्टॉकला एका जागी पुट्टी भरून वर रंग, आणि तिथं नखानं टोकरलं तर खाली वेल्डिंगचा फुगवटा. आणि लीड स्क्रूच्या, म्हणजे आटे पाडताना टूल पुढं ओढणाऱ्या लांब स्क्रूच्या, आट्यांमध्ये, काम पकडणाऱ्या चकपासून दीड-दोन हातांवर, रंगाचा एक जाड थेंब ओघळून वाळलेला. तो थेंब तिथं वाळला म्हणजे रंग मारल्यापासून हाफ नट, म्हणजे त्या स्क्रूला पकडणारा नट, लावून सॅडल, म्हणजे टूल वाहून नेणारी गाडी, तिथून गेलंच नाही. आणि मालक छातीवर हात ठेवून सांगतोय, "रोज चालते ना भाऊ, कालच शाफ्ट केला हिच्यावर."

रोज चालते! कशावर चालते, मनावर? मोटरला वायर नाही. पुलीवर पट्टा नाही. पट्टा कुठंय म्हटलं तर "पोरगा घेऊन गेला". चकची चावी कुठंय तर "इथंच होती". बरं, चार जबड्यांचा चक देणार म्हणाला होतात फोनवर, तो? "तो वेगळा लागन." फेस प्लेट? वेगळी. स्टेडी? ती नाहीच. चेंज गिअर? एका तेलाच्या डब्यात चार-पाच गिअर, त्यातल्या एकाचे दोन दात ब्रेझिंगनं भरलेले, आणि डबा हलवून दाखवताना माणसाच्या चेहऱ्यावर असा भाव की जणू आजीचे दागिनेच काढून देतोय. मी म्हटलं, लाइन येईपर्यंत थांबतो, तुम्ही पट्टा मागवा, हिला अर्धा तास चालवून पाहू. तर म्हणे, "अर्धा घंटा कायले? मशीन थे मशीन. चालनच ना."

हो. चालनच. दगडही डोंगरावरून सोडला तर चालतो.

असो. तोल सांभाळायला हवा, सल्ला द्यायचाय.

बेडकडे चुकूनही पाहू नका. लेथवर बहुतेक काम छोटं, म्हणजे चकजवळच्या हातभर जागेतच वर्षानुवर्षं सॅडल पुढंमागं होतं आणि बेड नेमका तिथंच झिजतो. टेलस्टॉकच्या टोकाला तो कोराच असतो. सॅडल चकजवळ असताना त्याच्या खालच्या पट्ट्या थोड्या आवळल्या आणि मग ते टेलस्टॉककडे फिरवत नेलं, की झिजलेल्या बेडवर अर्ध्या वाटेत जाम होऊन बसतं. सॅडल जिथं कधी पोचतच नाही त्या जागेवरून बेडच्या उतारावर नख ओढत आणलं तर पायरी लागते. दोन्हीला एक पैसा लागत नाही, म्हणूनच करू नयेत.

त्याऐवजी क्रॉस स्लाइडचं हँडल हलवा. पाव फेरा रिकामं फिरलं की मोठ्यानं "गेली, मशीन गेली" म्हणा आणि दोन हजार कमी करून घ्या. तो प्ले आतला गनमेटलचा नट बदलला की बराचसा जातो आणि तो नट तालुक्यातला कोणताही टर्नर करून देतो. बेड ग्राइंड करायचा तर मशीन खोलून ट्रकमध्ये घालून मोठ्या शहरात न्यावी लागते आणि खर्चाचा आकडा ऐकून मशीनच सोडून द्यावीशी वाटते. स्वस्तातल्या खोटीवर भांडावं आणि महागातल्या खोटीवर चहा प्यावा, ही आपली जुनी रीत आहे.

स्पिंडलचं, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं, भोक मोजू नका. शाफ्ट आत गेला नाही तर शाफ्ट कापता येतो.

चकचे जबडे तोंडाशी फाकलेत का, हे पाहायला ड्रिलची सरळ दांडी पकडून फटीतून उजेड दिसतो का ते पाहतात म्हणे. आपण उजेड मोबाईलचा पाहावा.

१२७ दात्यांचा गिअर मागू नका. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुतेकदा इंचातला, आणि त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर तोच गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. पण तुमच्याकडे आटे कोणते येणार, मिलिमीटरचे की इंचाचे, हे तुम्हाला तरी कुठं माहीत आहे.

मशीन शक्य तितकी मोठी घ्या. काम दोन इंची बुशचं, शेड दहा बाय बाराचं, तरी आठ फुटी बेडचीच पाहिजे. गावात शब्द राहतो.

आता वीज. मोटर थ्री फेज आहे का हे घरी आणल्यावर पाहावं. गावात सिंगल फेज, शेतावर थ्री फेज, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, तेव्हा रात्री दोनला उठून टर्निंग करायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला. शेतीच्या कनेक्शनवर लेथ चालवताना वीज कंपनीचं पथक आलं तर सांगा, ओलित चालू आहे. सहा फुटीला दोन एचपीची सिंगल फेज मोटर बसवून घरगुती काम निभतं, नाहीतर सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह मिळतो, पण त्याचे पैसे आधी बजेटमध्ये धरले तर लेथ महाग वाटायला लागते. म्हणून धरू नयेत. माझं बजेट ८० हजारांचं होतं आणि ओळखीच्या प्रत्येकानं सांगितलं, "मंग ८० ची पाहा ना." चक, टूल, मोटर, हायड्रा क्रेन, गाडीभाडं हे सगळं बहुतेक हुंड्यात येतं.

आणायला छोटा हत्तीच करा. सहा फुटी लेथचं वजन टनाच्या आसपास, त्यातलं बहुतेक हेडस्टॉकच्या बाजूला, पाया अरुंद, त्यामुळे वळणावर ती स्वतःच उतरून घेते.

आणि आणल्यावर सरळ फरशीवर ठेवा. काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला काय सांगायचं? मे महिन्यात भेगा, ऑगस्टमध्ये फुगवटा, दरवाजे पावसाळ्यात लागत नाहीत आणि उन्हाळ्यात उघडे राहतात. तीच माती लेथखाली. उन्हाळ्यात पाणपातळी लावून चारी पाय सम केले तरी पोळ्यापर्यंत बेडला पीळ पडतो आणि सरळ टर्निंग केलेला शाफ्ट एका टोकाला बारीक निघतो. मग टूलला शिव्या द्याव्यात, मटेरियलला द्याव्यात, शेवटी टर्नरला द्याव्यात. काळी माती खणून काढून मुरूम भरायचा, त्यावर जाड काँक्रीट घालायचं आणि पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा पाहायची, एवढे लाड घरच्या भिंतींचे नाही केले तर लेथचे कोण करणार? मायक्रोमीटरचं माप २० अंशांना धरलेलं असतं, आपल्या टिनाखाली ४५, हेही विसरून जा. गरम शाफ्ट मोजा, गरमच नेऊन बसवा.

शेवटचा सल्ला डायलचा. सोबत डायल, म्हणजे बारीक डगमग दाखवणारं घड्याळासारखं मापयंत्र, आणि मॅग्नेटिक स्टँड नेऊ नका. मी नेला होता. पिशवीतून स्टँड काढून बेडवर ठेवला, चक उतरवून स्पिंडलच्या तोंडाला डायल लावावा म्हटलं, तर मालकाचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या घरात झडती घ्यायला आलोय. "हे कायले काहाडता साहेब? भरोसा नाई का आमच्यावर?" भोवती चहा पीत बसलेले चार जण लगेच त्याच्या बाजूनं. एक म्हणाला, "घ्याचं असन तं घ्या, टाइमपास करू नका." दुसरा म्हणाला, "एवढं पाह्यनारा मानूस कधी घेत नसते." चक उतरवूच दिला नाही. एक इंची सळई चकमध्ये धरून चार-पाच इंच बाहेर ठेवून, टेलस्टॉक न लावता हलका कट मारू, दोन्ही टोकं मोजू, सारखी निघतात का पाहू, म्हटलं तर हसले.

आता पुरे. सरळच बोलतो.

बैलबाजारात आपण लाजतो का? जबडा उघडून दात मोजतो, चालवून पाहतो, जुवाला लावून पाहतो, मग कुठं रुमालाखाली बोटं दाबली जातात. बैलवाला रागावत नाही, आणि रागावला तर लोक समजून जातात आणि पुढच्या खुंट्याकडे वळतात. लाखाच्या लोखंडाला मात्र हात लावला की अपमान? कोणाचा? झिजलेल्या बेडचा? तुम्ही जुनी मशीन विकता यात काही वाईट नाही. जिनिंग बंद पडल्या, वर्कशॉप बंद पडले, त्यांच्या मशीन कोणीतरी विकणारच, आणि आमच्यासारख्यांना त्याच परवडतात. झीज असेल तर असो. "बेड चकजवळ गेलाय, छोटं काम सरळ निघतं, लांब शाफ्टला टेपर येतो, निमुळता निघतो" असं सांगा आणि त्याप्रमाणे भाव लावा. बुश करायला तेवढी मशीन पुरते, मी स्वतः घेतली असती. पण ते सांगायचं नाही, बाराशेचा हिरवा रंग आणून भोकं बुजवायची आणि वीस हजार वाढवायचे, हा धंदा नाही, ही लबाडी आहे. आणि बाजूला बसून हसणारे, तुम्ही तर त्याच्याहून वाईट. तुमचाच भाऊ-पुतण्या उद्या कर्ज काढून असलीच मशीन उचलून आणेल, पेरणीच्या तोंडावर तिच्यावर केलेला बुश फिट बसणार नाही, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल, "पाहून घ्यायची होती ना."

पाहूच कुठं देता?

काल तीच जाहिरात पुन्हा आली. तोच फोटो, तीच "चालू कंडिशन", किंमत मात्र पाच हजारांनी वाढलेली. वाढव बाबा, तुझी मशीन आहे. निदान लीड स्क्रूवरचा तो थेंब तरी खरवडून घे.